बारा फूट रुंदीचा इतिहास : काळ्या श्रमिकांचे ‘शॉटगन’ घर

१

इतिहास बहुधा उंच इमारतींचा लिहिला जातो. किल्ले, वाडे, देवळे, राजप्रासाद यांची मोजमापे ग्रंथांतून सापडतात. कोणत्या राजाने कोणता दरवाजा कधी बांधला, कमानीवर कोणती वेलबुट्टी आहे, हे विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. त्या इमारतींचे दगड ज्यांनी फोडले आणि चुना ज्यांनी मळला ते रात्री कुठे निजत होते, त्यांच्या घराला किती दारे होती, चूल कोणत्या कोपऱ्यात होती, हे प्रश्न अभ्यासक्रमात नाहीत. मीही पदवीपर्यंत हे प्रश्न कोणाला विचारले नाहीत. विचारण्यासारखे काही आहे, हेच मला ठाऊक नव्हते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. त्यामुळे पुस्तकात आहे तो इतिहास आणि पुस्तकात नाही ते नुसते आमचे जगणे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ही समजूत मोडली ती एका परक्या घरामुळे. अमेरिकेचा इतिहास शिकवताना न्यू ऑर्लिन्स शहरातील काळ्या श्रमिकांच्या एकमजली घरांविषयी मला वाचायला मिळाले. घर कसले, बारा फूट रुंदीची एक लाकडी पट्टी. पण या पट्टीवरून विद्वानांत कित्येक दशके वाद चालला आहे, आणि तो वाद घराच्या लांबी-रुंदीपुरता नाही. हे घर कोणाच्या डोक्यातून निघाले, असा तो प्रश्न आहे. गुलामाला डोके असते की फक्त हात असतात, असा त्याचा खरा अर्थ आहे.

आपला आणि अमेरिकेतील काळ्या माणसाचा संबंध जुना आहे. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस या थोर काळ्या विचारवंताला पत्र लिहून काळ्यांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेलेल्या अर्जाची प्रत मागवली. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले तेही तिकडच्या ‘ब्लॅक पँथर’वरून. त्यांची कविता आपण वाचली, त्यांची आत्मकथने वाचली, त्यांच्या साहित्यावर लेख लिहिले. त्यांच्या घरात मात्र आपण गेलो नाही. प्रस्तुत लेखात त्या घरात जाण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम घर नीट पाहू.

हे घर एकच खोली रुंद असते. रुंदी साधारणतः बारा फूट, क्वचित त्याहून थोडी कमी-जास्त. खोल्या तीन, चार किंवा पाच, आणि त्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकीमागे एक लावलेल्या. मधे बोळ नाही. पुढच्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे जावे लागते. सर्वांत मागे स्वयंपाकघर. शौचकूप पूर्वी परसात असे. पुढे नळ आले तेव्हा मागच्या बाजूला एक आडोसा जोडून न्हाणीघर करण्यात आले.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घरांचे आढे बहुधा रस्त्याला समांतर असे आणि घराची लांब बाजू रस्त्याकडे असे. या घराचे उलट आहे. त्याची अरुंद, त्रिकोणी माथ्याची बाजू रस्त्याकडे असते आणि घर मागे मागे वाढत जाते. दर्शनी भागी एक दार आणि एक उंच खिडकी, त्यांना लाकडी झडपा. दारापुढे छोटी ओसरी, किंवा ओसरीला जागा नसेल तर छपराचा पुढे काढलेला भाग आणि त्याला आधार देणारे नक्षीदार लाकडी टेकू. हे टेकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूड-कारखान्यांत घाऊक तयार होऊ लागले. गरीब माणूसही ते विकत आणून आपल्या दारावर लावी. घराच्या दोन्ही कुशी मात्र साध्या फळ्यांच्या. जिथे लोकांची नजर जाते तेवढेच सजवायचे हा हिशेब गरिबाला जगात सगळीकडे कळतो.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपी नदीच्या तोंडाजवळचे सखल, दमट आणि भयंकर उकाड्याचे शहर. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली. म्हणून घर जमिनीवर बसवत नाहीत. विटांच्या आखूड खांबांवर दोन-तीन फूट उचलून ठेवतात, खालून पाणी आणि वारा जावा यासाठी. छत उंच, बारा-बारा फुटांचे, म्हणजे गरम हवा वर राहते. दारांवर झरोके. दारे एका ओळीत असली की पुढून आलेला वारा मागच्या दाराने निघून जातो. पंखा नसलेल्या काळात हीच हवेची सोय होती. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एकच धुराडे असते आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक शेगडी. एका धुराड्यात दोन खोल्या ऊबदार होतात. लाकूड बहुधा सायप्रसचे, कारण ते दलदलीच्या मुलखात मुबलक मिळे आणि त्याला सहसा वाळवी लागत नसे. जुन्या काही घरांच्या भिंती उघडल्या तर आत जाड, ओबडधोबड फळ्या सापडतात. नदीतून माल घेऊन येणारे सपाट तराफे परत वर नेता येत नसत. ते शहरात मोडून विकले जात, आणि त्या फळ्यांच्या भिंती होत.

या मूळ आकाराला पुढे फांद्या फुटल्या. दोन घरे एका छपराखाली शेजारी-शेजारी जोडली, मधे एकच भिंत, की ‘डबल शॉटगन’ झाले. अनेक कुटुंबे एका भागात राहून दुसरा भाड्याने देत. मागच्या खोल्यांवर तेवढाच एक मजला चढवला तर घराला उंटासारखी वशिंड येते, म्हणून ते ‘कॅमलबॅक’. रस्त्यावरून पाहणाऱ्याला घर एकमजलीच वाटते.

‘शॉटगन’ म्हणजे छऱ्याची बंदूक. पुढच्या दारातून बार काढला तर छरे कुठेही न अडता मागच्या दाराने बाहेर पडतील, अशी लोकांनी नावाची फोड केली आहे. हे नाव विसाव्या शतकाच्या आरंभी छापील मजकुरात दिसू लागते. म्हणजे घर नावापेक्षा बरेच जुने आहे. त्या आधीच्या काळात ज्यांनी हे घर बांधले ते त्याला काय म्हणत होते, हे कोणी लिहून ठेवले नाही.

३

आता वादाकडे वळू.

भूगोलवेत्ते फ्रेड निफेन यांनी १९३६ साली लुइझियानातील घरांच्या प्रकारांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी सामान्य माणसांच्या घरांची वर्गवारी केली. एका विद्यापीठीय माणसाने शेतमजुरांच्या आणि कामगारांच्या घरांकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. पण हे घर असेच का, याची लोकांत प्रचलित असलेली उत्तरे तोवर ठरून गेली होती. शहरात जमिनीचे तुकडे अरुंद होते, म्हणून घर अरुंद. रस्त्याकडच्या रुंदीवर कर होता, म्हणून घर अरुंद. गरिबी होती, म्हणून घर अरुंद.

ही उत्तरे वरवर निरुपद्रवी दिसतात. त्यांचे गृहीतक मात्र तपासण्यासारखे आहे. श्रीमंताच्या घराचा आकार त्याच्या अभिरुचीतून येतो आणि गरिबाच्या घराचा आकार त्याच्या नाइलाजातून, असे त्यांत धरून चाललेले आहे. श्रीमंत घर ‘बांधतो’. गरिबाचे घर ‘होते’, जसे वारूळ होते. शिवाय अशी अरुंद घरे खेड्यांतही, भोवताली मोकळी जमीन पडलेली असताना, उभी होती. तिथे कराचे कारण लागू पडत नाही.

जॉन मायकेल व्लाच या संशोधकाने १९७५ साली आपल्या प्रबंधात वेगळे उत्तर मांडले. तो न्यू ऑर्लिन्समधून मागे मागे गेला, प्रथम हैतीपर्यंत आणि तिथून पश्चिम आफ्रिकेपर्यंत. हैतीत त्याला हेच घर भेटले. एक खोली रुंद, त्रिकोणी बाजू रस्त्याकडे, आत ओळीने खोल्या. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांत सुमारे दहा फूट बाय वीस फुटांचे दोन खोल्यांचे घर हे बांधणीचे मूळ माप आहे. हैतीतील साध्या घराची मापे या मापाशी फार जवळून जुळतात. व्लाचचे म्हणणे असे की हैतीत तीन परंपरा एकत्र आल्या. त्रिकोणी माथ्याची बाजू पुढे ठेवण्याची रीत तिथल्या मूळच्या आरावाक लोकांची, लाकडी सांगाडा उभारण्याचे तंत्र फ्रेंचांचे, आणि खोलीचे माप व माणसांनी जवळजवळ राहण्याची कल्पना आफ्रिकेची.

हे मत सर्वांना मान्य झाले असे नाही. न्यू ऑर्लिन्समधील ‘क्रिओल’ पद्धतीच्या चौरस घराचा अर्धा भाग म्हणजे हे घर, असेही काहींचे म्हणणे आहे. जे एडवर्ड्स या अभ्यासकाने २००९ साली लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच या घराला अमेरिकेतील सर्वांत वादग्रस्त घर म्हटले आहे. वादाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण व्लाचने प्रश्नाची दिशा बदलली, हे ध्यानात घेतले पाहिजे. जहाजाच्या तळाशी साखळदंडांत बांधून आणलेल्या माणसाजवळ काय असू शकते? भांडे नाही, वस्त्र नाही, नाव नाही. मालक नावही नवे ठेवी. अशा माणसाने आपल्या अंगात मात्र एक माप आणले असेल. दहा फुटांची खोली म्हणजे किती, हे त्याच्या हातांना आणि पावलांना ठाऊक असेल. ते माप मालकाला दिसले नाही, म्हणून त्याला काढून घेता आले नाही.

४

हैतीहून हे घर आले कसे, याचा इतिहास आकड्यांनिशी उपलब्ध आहे.

सेंट डोमिंग ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. साखर आणि कॉफी पिकवणारी, लाखो गुलामांच्या रक्तावर चालणारी. १७९१ साली तिथल्या गुलामांनी बंड केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जन्माला आले. गुलामांनी बंड करून राज्य स्थापन केल्याचे आधुनिक इतिहासातील हे उदाहरण आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याला क्वचितच दोन ओळींहून अधिक जागा मिळते. या उलथापालथीत हजारो लोक क्यूबात गेले. स्पेन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटल्यावर क्यूबातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि मे १८०९ ते जानेवारी १८१० या अवधीत ते न्यू ऑर्लिन्सला उतरले. एकूण ९,०५९ माणसे. त्यांत २,७३१ गोरे, ३,१०२ स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि ३,२२६ गुलाम. शहराची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली. आलेल्यांपैकी तीनात दोघे काळे होते.

या स्वतंत्र कृष्णवर्णीयांत सुतार, गवंडी, लोहार, गिलावा करणारे असे कसबी कारागीर होते. शहर वाढत होते, घरे हवी होती आणि बांधणारे हात यांचे होते. फ्रेंच वस्तीच्या मागे ट्रेमे नावाच्या भागात त्यांनी जमिनी घेतल्या आणि आपली घरे स्वतः बांधली. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात, गुलामांचा बाजार भरणाऱ्या शहरात, काळ्या माणसाच्या नावावर घर होते ही गोष्ट साधी नाही. या घराच्या जन्मकाळी घर बांधणारा आणि घरात राहणारा एकच होता. पुढे ही स्थिती राहिली नाही.

१८६५ साली यादवी युद्ध संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. लक्षावधी मुक्त काळे मजूर शहरांकडे आले. गोदी, रेल्वे, लाकूड-कारखाने, कापसाच्या गाठी बांधणारे कारखाने यांना ते हवे होते. त्यांना ठेवायचे कुठे, याचे उत्तर भांडवलाने लगेच शोधले. शॉटगन घर स्वस्त होते. थोडे लाकूड, थोडी जागा. एका अरुंद गल्लीत वीस घरे ओळीने उभी राहत. मग घरमालकांनी आणि कारखानदारांनी ही घरे घाऊक बांधली आणि भाड्याने दिली. न्यू ऑर्लिन्सपासून मेम्फिस, अटलांटा, लुइव्हिल, ह्यूस्टनपर्यंत दक्षिणेत सर्वत्र ही रांग पसरली. गरीब गोरेही त्यांत राहिले. एल्विस प्रेस्ली हा गायक १९३५ साली टुपेलो येथे जन्मला तो अशाच दोन खोल्यांच्या घरात. ते त्याच्या बापाने १८० डॉलर कर्ज काढून बांधले होते आणि पुढे ते त्यांच्या हातून गेले. पण काळ्या वस्तीची ओळख म्हणून हे घर ठरून गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. स्वतंत्र काळ्या कारागिराने आपल्या माणसांसाठी घडवलेला आकार व्यवस्थेने उचलला आणि त्याच कारागिराच्या नातवाकडून त्या आकाराचे भाडे वसूल केले.

याच शहरातील होमर प्लेसी हा चप्पल-जोडे शिवणारा माणूस १८९२ साली मुद्दाम गोऱ्यांच्या रेल्वेडब्यात बसला. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाला कायद्याची मान्यता मिळाली. वेगळेपण खरोखर अमलात आले आणि समानता कागदावर राहिली. ड्युबॉइस यांनी १९०१-०२ मध्ये काळ्यांच्या घरांच्या प्रश्नावर एक लेखमाला लिहिली. गुलामाची खोपटी, मुक्त झालेल्या शेतकऱ्याचे घर, शहरातील गरीब काळ्याचे घर, असा क्रम लावून त्यांनी मांडणी केली. घर हे काळ्या माणसाच्या सामाजिक स्थितीचे सर्वांत खरे मोजमाप आहे, ही दृष्टी त्या वेळी फार थोड्यांकडे होती.

५

या घराविषयी लिहिताना एक मोह टाळला पाहिजे. परंपरा, स्मृती, सामूहिकता असे शब्द वापरत गेले की गरिबीचे उदात्तीकरण सुरू होते. बोळ नसलेल्या घरात कोणालाही स्वतःची खोली नसते. मागच्या खोलीतला माणूस बाहेर जायचा तर मधल्या खोलीतल्या बाळंतिणीच्या खाटेजवळून जायचा. तरुण मुलीला कपडे बदलायला आडोसा नाही. अभ्यास करणाऱ्या मुलाला शांतता नाही. व्लाचने यात माणसांची जवळीक पाहिली, आणि ती होतीही. पण त्या जवळिकीची किंमत घरातल्या बायकांनी मोजली. दिवसभर गोऱ्यांच्या हवेलीत, जिथे प्रत्येक मुलाला वेगळी खोली, धुणी-भांडी करायची आणि रात्री बारा फुटांत परत यायचे. ज्याने एका खोलीत सहा माणसांबरोबर परीक्षेचा अभ्यास केला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

तरीही ओसरीची गोष्ट सांगितली पाहिजे. घर इतके अरुंद आणि रस्त्याला इतके चिकटून असते की उकाड्याच्या संध्याकाळी माणसे आपोआप बाहेर येतात. ओसरीवर बसलेला माणूस समोरच्या ओसरीवरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलू शकतो. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाचे काम सुटले, कोणाचे मूल शाळेत गेले नाही, हे सर्वांना ठाऊक. विमा कंपन्या काळ्यांना दारात उभे करीत नव्हत्या तेव्हा याच गल्ल्यांतून परस्पर-साहाय्य मंडळे निघाली. ती वर्गणी काढून औषधाचा आणि मातीचा खर्च करीत. मयताबरोबर बँड वाजवत जाण्याची न्यू ऑर्लिन्सची रीत या मंडळांनीच जोपासली. ज्या संगीताला जग जॅझ म्हणते त्याचे कान या ओसऱ्यांवर तयार झाले.

६

आता हे घर मोडण्याचा इतिहास.

ट्रेमेमधून जाणारा क्लेबॉर्न अॅव्हेन्यू हा काळ्यांचा बाजार आणि मेळ्याची जागा. मधोमध ओक वृक्षांची दुहेरी रांग होती. १९६६ साली ती झाडे तोडली आणि त्या जागी उंच खांबांवरून जाणारा महामार्ग उभा केला. जगप्रसिद्ध तुतारीवादक लुई आर्मस्ट्राँग ज्या लहान लाकडी घरात जन्मला ते १९६४ साली सरकारी इमारतींसाठी पाडण्यात आले. पुढे ट्रेमेतील वस्ती उठवून मोकळ्या केलेल्या जागेवर शहराने एक उद्यान केले आणि १९८० साली त्याला नाव दिले लुई आर्मस्ट्राँगचे. माणसाचे घर पाडायचे आणि पुतळा उभारायचा, ही पद्धत आपल्याला अपरिचित नाही.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅट्रीना वादळ आले. वादळापेक्षा अधिक नाश केला तो फुटलेल्या बंधाऱ्यांनी. लोअर नाइन्थ वॉर्ड या काळ्या कामगारांच्या भागात कालव्याची भिंत फुटली आणि घरे खांबांवरून उचलून वाहून गेली. या वॉर्डात स्वतःच्या मालकीच्या घरात राहणाऱ्यांचे प्रमाण शहराच्या सरासरीपेक्षा जास्त होते. आजोबाने बांधलेले घर, बापाने राखलेले, नातू राहतो आहे. कागद मात्र अजून आजोबाच्याच नावावर. वारसाची नोंद करायला वकील लागतो आणि वकिलाला पैसा. सरकारी मदत मागायला गेल्यावर पहिला प्रश्न आला, घर तुमचे कशावरून?

ज्यांच्याकडे कागद होते त्यांची गोष्ट आणखी बोलकी आहे. ‘रोड होम’ नावाच्या योजनेत पुनर्बांधणीसाठी जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मिळत. पण रक्कम ठरवताना दोन आकडे पाहिले जात. एक, वादळापूर्वीची घराची बाजारकिंमत. दुसरा, दुरुस्तीचा खर्च. यांपैकी जो आकडा लहान तो धरायचा. नियमात वर्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण तेच घर, तेवढ्याच खोल्या, तेच लाकूड, गोऱ्या वस्तीत असेल तर त्याची बाजारकिंमत जास्त आणि काळ्या वस्तीत असेल तर कमी. दुरुस्तीला मात्र दोघांनाही तेवढेच खिळे, तेवढ्याच फळ्या, तेवढीच मजुरी. गोऱ्याचे घर उभे राहिले आणि काळ्याचे अर्धवट राहिले. २००८ साली नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या आणि २०११ साली ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तोवर सहा वर्षे गेली होती आणि बरीच माणसे दुसऱ्या राज्यांत कायमची स्थायिक झाली होती. ‘नियम सर्वांना सारखा’ हे वाक्य ऐकले की या हिशेबाची आठवण ठेवावी.

आज ट्रेमे आणि आसपासच्या भागांतील कित्येक शॉटगन घरे रंगरंगोटी करून श्रीमंतांनी घेतली आहेत, काही प्रवाशांना रोजच्या भाड्याने दिली जातात. घर वाचले आणि घरवाला गेला. वारसा जतन करणे म्हणजे काय, हा प्रश्न इथे उभा राहतो.

या प्रश्नाचे एक उत्तर ह्यूस्टनमध्ये मिळते. जॉन बिगर्स हा चित्रकार १९२४ साली उत्तर कॅरोलिनात जन्मला, वडिलांनी बांधलेल्या शॉटगन घरातच. पुढे ह्यूस्टनमधील काळ्यांच्या विद्यापीठात त्याने कलाविभाग सुरू केला. १९६६ च्या त्याच्या एका चित्रात अशा घरांची गल्ली आहे आणि तिच्यात जळालेले चर्च आहे. नंतरच्या चित्रांत या घरांच्या ओसऱ्यांवर बायका राण्यांसारख्या ताठ उभ्या दिसतात. ज्या घराची लाज वाटावी असे शिकवले होते, ते त्याने देवळासारखे रंगवले. त्याच्याकडून प्रेरणा घेऊन रिक लो आणि इतर काळ्या कलावंतांनी १९९३ साली ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डमधील ओस पडलेली बावीस शॉटगन घरे हाती घेतली. काही घरांत चित्रकार-शिल्पकार काम करतात. काही घरे एकट्याने मुले वाढवणाऱ्या तरुण आयांना राहायला दिली, त्यांचे शिक्षण पुरे व्हावे म्हणून. घर वाचवायचे ते माणसांसाठी, असे त्यांनी करून दाखवले.

७

हे सारे इथे सांगण्याचे कारण काय?

आपल्याकडे घराचा आकार हा तर उघड कायदाच होता. वस्ती गावकुसाबाहेर, ही जागेची शिक्षा झाली. पण बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे की अस्पृश्याने कौलारू छपराचे घर बांधणे हाही गावाच्या दृष्टीने अपराध असे. म्हणजे आपल्या घरावर गवत होते ते केवळ गरिबीमुळे नव्हते. ऐपत आली तरी कौल चढवायचे नाही, असा तो हुकूम होता. अशा घराच्या छपराकडे पाहून कोणी ‘पारंपरिक लोकवास्तू’ असे कौतुक करू लागला, तर त्याला हा हुकूम दाखवला पाहिजे. आणि कोणी ‘नुसती झोपडी’ म्हणाला, तर त्याला विचारले पाहिजे की या झोपडीची भिंत दोन पावसाळे कशी टिकली, मातीत काय मिसळले होते, आणि ते कोणाला ठाऊक होते.

मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. २०७ इमारती, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्या खोल्यांतून आपल्या चळवळीच्या कित्येक पिढ्या घडल्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या दंगलीत दलित पँथरच्या तरुणांनी याच चाळींत मार खाल्ला आणि ते लढले. आता त्या इमारती पाडून तिथे मनोरे उभे राहत आहेत. २०२५ साली वरळीत पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोठे घर मिळाले ही आनंदाचीच गोष्ट आहे. १६० चौरस फुटांत माणसाने राहावे असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या १६० चौरस फुटांत मोरी कुठे होती, माळा कसा काढला होता, बाबासाहेबांचा फोटो कोणत्या भिंतीवर होता, पाहुणे आले की कोण बाहेर निजत असे, हे कोणी मोजून, काढून, विचारून ठेवले आहे काय?

माझेच सांगतो. आमचे जुने मातीचे घर रमाई आवास योजनेत पक्के घर मंजूर झाल्यावर पाडले. पाडताना मी हजर होतो, मदतही केली. मला आनंद झाला होता, अजूनही आहे. आईच्या डोक्यावर आता गळके छप्पर नाही. व्लाचचे दहा फुटांचे माप वाचले त्या रात्री मात्र मी आपल्या घराची रुंदी आठवू लागलो आणि मला ती आठवेना. आयुष्याची एकवीस वर्षे ज्या घरात काढली त्याचे माप मला येत नव्हते, आणि ताजमहालाच्या चौथऱ्याची मापे मी वर्गात शिकवत होतो. शेवटी आत्याला विचारले. ती म्हणाली, “सात हात. तुझ्या आजानं सोताच्या हातानं मोजलं व्हतं. त्याचा हात लांब व्हता.” आजाचा हात किती लांब होता, हे सांगणारे आता कोणी नाही.

म्हणून कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांना माझी एक विनंती आहे. आपल्या वस्तीत एखादे जुने घर अजून उभे असेल तर एक टेप आणि एक वही घेऊन जा. लांबी, रुंदी, भिंतीची जाडी, दाराची उंची लिहा. चूल, पाण्याचा माठ, जाते, न्हाणी कुठे आहे ते कागदावर काढा. दार कोणत्या दिशेला आहे आणि ते तसे का, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. बांधणाऱ्याचे नाव विचारा, दगड कुठून आणला, लाकूड कोणी दिले की मागावे लागले, ते विचारा. घर पाडायचे असेल तर खुशाल पाडा, त्याहून चांगले बांधा. पण मोजल्याशिवाय पाडू नका.